डासालाही मलेरिया होतो का? रोनाल्ड रॉस यांना दिसलेल्या काळ्या कणांची गोष्ट

"डॉक्टर, मलेरिया डासामुळे होतो हे कळलं. पण मग त्या डासाला ताप का येत नाही?"

हा प्रश्न बहुतेक वेळा शाळकरी मुलं विचारतात आणि सोबतची मोठी माणसं हसतात. हसू नका, प्रश्न अगदी योग्य आहे. डासाला आपल्यासारखा थंडीताप येत नाही, पण मलेरियाच्या परजीवीची लागण त्यालाही होते. तो परजीवी डासाच्या पोटाची भिंत फोडतो आणि तिथे आठ-दहा दिवस मुक्काम करतो. डासाचं शरीर हे निमूटपणे सहन करत नाही. त्याच्याकडेही संरक्षण करणाऱ्या पेशी आहेत, त्या परजीवीवर तुटून पडतात आणि त्यातले बहुतेक मारतात.

ही लढाई माणसाला पहिल्यांदा कशी दिसली, दिसूनही तेव्हा का कळली नाही आणि आज तुमच्या-माझ्या औषधाच्या गोळ्यांशी तिचा काय संबंध आहे, हे या लेखात पाहू. गोष्टीची सुरुवात आपल्या भागापासून फार लांब नाही.

एकाच राज्यातली दोन गावं

आज हिंगोली हा महाराष्ट्रातला जिल्हा आहे. 1 मे 1999 रोजी तो परभणीतून वेगळा झाला. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हिंगोली निजामाच्या हैदराबाद राज्यात होती आणि गावात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. त्याच राज्यात, हैदराबाद शहराला लागून, सिकंदराबादची मोठी इंग्रज छावणी होती. दोन्ही छावण्यांतल्या सैनिकांना आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांना छळणारा एक समान शत्रू होता, तो म्हणजे हिवताप.

हिवतापाचा परजीवी तोपर्यंत सापडलेला होता. 6 नोव्हेंबर 1880 रोजी अल्जेरियातल्या कॉन्स्टंटिन गावी फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फोन्स लाव्हरान यांनी तो एका सैनिकाच्या रक्तात पाहिला. पण एका माणसाच्या रक्तातून तो दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं. लंडनचे डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांना डासावर संशय होता. मात्र त्यांची कल्पना अशी होती की डास पाण्यात मरतो, परजीवी पाण्यात मिसळतो आणि ते पाणी प्यायल्याने माणूस आजारी पडतो.

हा संशय तपासायचं काम रोनाल्ड रॉस यांनी अंगावर घेतलं. 1857 साली अलमोडा इथे जन्मलेले रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर होते. 1895 मध्ये ते सिकंदराबादला आले आणि डास फाडून पाहू लागले.

दोन वर्षं रिकाम्या हाती

डास फाडणं म्हणजे काय, याची कल्पना करा. तिळाएवढा जीव, त्याचं पोट सुईच्या टोकाने बाहेर काढायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न पेशी तपासायची. ऑगस्टचा उकाडा, पण पंखा चालवायचा नाही, कारण वाऱ्याने डास उडून जातील. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि भिंगाला तडा गेला होता.

रॉस हिवतापाच्या रुग्णांना डास चावू देत आणि मग ते डास फाडत. जवळजवळ दोन वर्षं त्यांना काहीच सापडलं नाही. त्यांनी निवडलेले डास राखाडी रंगाचे किंवा पट्टेदार पायांचे होते. आज आपण त्यांना क्युलेक्स आणि एडिस म्हणतो. माणसाचा मलेरिया या डासांच्या पोटात शिरतो खरा, पण तिथे टिकत नाही, मरून जातो. म्हणजे त्या दोन वर्षांत रॉस यांच्यासमोर एक उत्तर रोज येत होतं: काही डासांचं शरीर हा परजीवी नांदू देत नाही. पण ते शोधत होते परजीवी, आणि परजीवीचं नसणं कोणाच्या नजरेत भरत नाही.

ऑगस्ट 1897 मध्ये त्यांच्या हाती ठिपकेदार पंखांचा एक वेगळा डास लागला. तो अ‍ॅनोफिलीस होता. 16 ऑगस्टला हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला असे डास चावू दिले. चावलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. 20 ऑगस्टला रॉस यांनी त्यातला एक डास फाडला. पोटाच्या भिंतीत त्यांना काही गोल पेशी दिसल्या, आणि त्या पेशींत बारीक काळी पूड होती. हीच पूड मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तातल्या परजीवीतही दिसते. दुसऱ्या दिवशी पुढचा डास फाडला, तर तशाच पेशी आणखी मोठ्या झालेल्या दिसल्या. म्हणजे परजीवी डासात जगतो आणि वाढतो. म्हणूनच 20 ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो.

कोलकात्यातले काळे कण

थोड्याच दिवसांत रॉस यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला झाली. तिथे मलेरियावर काम करायला वावच नव्हता. 1898 च्या सुरुवातीला त्यांना कोलकात्याला पाठवलं गेलं. तिथे माणसांऐवजी चिमण्यांच्या मलेरियावर प्रयोग करायचं त्यांनी ठरवलं. हा परजीवी मात्र राखाडी क्युलेक्स डासात छान वाढतो. जुलै 1898 पर्यंत त्यांनी सगळा मार्ग शोधून काढला: पोटाच्या भिंतीत परजीवीची गाठ होते, ती फुटते, त्यातून सुईसारखे असंख्य बारीक जीव बाहेर पडतात आणि डासाच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात. डास चावतो तेव्हा लाळेबरोबर ते पुढच्या रक्तात उतरतात. पाणी पिण्याचा काही संबंधच नव्हता. या शोधासाठी रॉस यांना 1902 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण याच डासांत त्यांना एक कोडं दिसलं. काही गाठींमध्ये सुईसारख्या जीवांच्या जागी तपकिरी-काळे, जाडसर, लांबट कण होते. रॉस यांनी त्यांना 'ब्लॅक स्पोअर्स' म्हटलं. ही परजीवीचीच एखादी टिकाऊ अवस्था असावी, बी जमिनीत पडून राहतं तशी, असा त्यांचा अंदाज होता.

अंदाज चुकला. पुढच्या पिढ्यांतल्या संशोधकांनी पाहिलं की हे कण म्हणजे मेलेल्या परजीवीभोवती बसलेलं काळं कवच आहे, आणि ते कवच डासाच्या शरीराने चढवलेलं आहे. रॉस यांच्या डोळ्यांसमोर होती ती डासाने जिंकलेली लढाई.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर गोंधळ होईल. या गोष्टीत काळा रंग दोनदा येतो. सिकंदराबादला दिसलेली बारीक काळी पूड परजीवीची स्वतःची असते. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन खाऊन उरलेला तो चोथा. कोलकात्यातलं जाड काळं कवच मात्र डासाने तयार केलेलं असतं. पहिला काळा रंग परजीवी जिवंत असल्याची खूण, तर दुसरा तो मेल्याची.

कापलेलं वांगं आणि डासाचं पोट

हे कवच कसं तयार होतं? त्यासाठी स्वयंपाकघरात चला. वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण फोडी मिठाच्या पाण्यात टाकतो. चिरल्यावर वांग्यातली काही द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येतात आणि एका एन्झाइममुळे काळी होतात. डासाच्या शरीरातही याच घराण्यातलं एन्झाइम असतं. एरवी ते निष्क्रिय अवस्थेत साठवलेलं असतं. परजीवी पोटाची भिंत ओलांडून आला की ते जागं होतं आणि त्या परजीवीभोवती मेलॅनिनचा काळा थर बसतो. आपल्या केसांना आणि त्वचेला रंग देतं तेच हे मेलॅनिन. त्या थरात परजीवी गुदमरतो.

हे एन्झाइम बनवण्यात आणि सगळी लढाई चालवण्यात मोठा वाटा असतो डासाच्या रक्तपेशींचा. डासाचं रक्त लाल नसतं आणि ते नळ्यांतून वाहत नाही. शरीराच्या पोकळीतच ते खेळतं, आणि त्यात काही हजार संरक्षक पेशी तरंगत असतात. काही पेशी शत्रूला गिळतात, काही काळं कवच चढवण्याचं रसायन पुरवतात. पोटाच्या भिंतीला दुखापत झाली की या पेशी तिथे जमतात. टेप-१ नावाचं एक प्रथिन परजीवीला चिकटून त्याच्यावर जणू शिक्का मारतं, आणि शिक्का बसलेल्या परजीवीचा निकाल लागतो. आपल्या रक्तातही असंच काम करणारं, त्याच कुळातलं एक प्रथिन आहे.

1986 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अ‍ॅनोफिलीस डासांच्या पिढ्यांमागून पिढ्या निवडत असा एक वाण तयार केला, ज्याच्या पोटात आलेले परजीवी काळे पडून मरतात. काळ्या कवचाची ताकद आनुवंशिक असते, हे त्यातून ठरलं. आपल्याकडेही असा फरक दिसतो. खेड्यापाड्यांत मलेरिया पसरवणारा मुख्य डास म्हणजे अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिस. दिसायला एकसारख्या अशा त्याच्या पाच भावकीतल्या जाती आहेत; शास्त्रज्ञ त्यांना ए, बी, सी, डी आणि ई म्हणतात. त्यातली बी ही जात भारतात बहुतेक ठिकाणी मलेरिया पसरवण्यात कच्ची आहे. म्हणजे दोन गावांत डास सारखेच दिसले तरी धोका सारखा असेल असं नाही.

कालवं, तारामासा आणि आपण

गिळणाऱ्या पेशींची गोष्ट डासापासून सुरू झाली नाही. 1882 साली रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह इटलीतल्या मेसिना इथे समुद्रजीवांचा अभ्यास करत होते. त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमला होता. आपल्या पायात काटा मोडला की तिथे पू होतो, तो असाच जमतो. शरीराच्या पेशी शत्रूला गिळतात, हा विचार तिथून पुढे आला आणि 1908 मध्ये मेचनिकॉव्ह यांना नोबेल मिळालं. त्यांचेच एक विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. 1897 च्या जानेवारीत मुंबईत त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

अशा पेशी कोकणातल्या कालवांमध्येही असतात. कालवं म्हणजे समुद्रकाठच्या खडकांना चिकटलेले शिंपले. आपल्याकडे पूर्णा किंवा कयाधूच्या वाळूत सापडणाऱ्या शिंपल्यांचे ते दूरचे भाऊबंद. कालवाला लस देऊन उपयोग नाही, कारण आपल्यासारख्या अँटिबॉडी तो बनवूच शकत नाही. त्याची सगळी भिस्त रक्तातल्या गिळणाऱ्या पेशींवर असते. त्याचं कवच उघडं असताना पाण्याबरोबर जे काही आत येतं, ते या पेशी तपासतात, गिळतात, मोठं असेल तर घेरून टाकतात.

पण काही परजीवींना या पेशींवरही उपाय सापडलाय. 1950 मध्ये अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मरणाऱ्या कालवांमध्ये एक परजीवी सापडला. आज त्याला पर्किन्सस म्हणतात. कालवाच्या पेशी त्याला गिळतात, पण तो आत मरत नाही. तिथेच वाढतो, आणि ती पेशी फिरेल तिथे तिच्याबरोबर फिरून सगळ्या शरीरात पसरतो. पहारेकऱ्याच्याच खांद्यावर बसून चोर घरभर हिंडतो, तसं. माणसाला या परजीवीचा त्रास होत नाही. पण हीच युक्ती आपल्याला चांगली माहीत आहे: क्षयाचा जंतू आणि काळ्या आजाराचा परजीवी आपल्या गिळणाऱ्या पेशींतच लपून राहतात. क्षयाची औषधं सहा-सहा महिने घ्यावी लागतात, त्यामागे जंतूचं हे लपणंही आहे.

मलेरियात आपल्या शरीरात हे काम प्रामुख्याने प्लीहा करते. जुन्या लोकांचा शब्द 'पाणथरी'. प्लीहेतल्या पेशी परजीवी असलेल्या लाल पेशी आणि ती काळी पूड गिळत राहतात, म्हणून वारंवार हिवताप झालेल्या माणसाची पाणथरी वाढते. सूक्ष्मदर्शकाने रक्त तपासायची सोय नव्हती तेव्हा, 1840 च्या दशकात उत्तर भारतात इंग्रज डॉक्टर पोटाला हात लावून किती जणांची पाणथरी वाढली आहे ते मोजत आणि त्यावरून कालव्याकाठच्या गावांत हिवताप किती आहे ते ठरवत.

मग याचा तुम्हाला काय उपयोग?

आता हिशेब मांडू. डासाने रक्त प्यायलं की त्याच्या पोटात परजीवी मोठ्या संख्येने जातात. पण भिंत ओलांडून गाठ करणारे उरतात थोडेच, कित्येकदा एक-दोन किंवा मोजके. बाकीचे डासाच्या पोटातच मरतात. मात्र जी एक गाठ टिकते, तिच्यातून हजारो सुईसारखे जीव बाहेर पडतात. मलेरियाच्या सगळ्या प्रवासात परजीवी सर्वात कमी असतो तो इथेच. साखळीची सर्वात कच्ची कडी हीच.

आपण आजवर जास्त भर दिला तो डास मारण्यावर. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख मरत असत, असा अंदाज आहे. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी झाली आणि 1965 पर्यंत रुग्ण एक लाखापर्यंत खाली आले. पण डास डीडीटीला सरावले, फवारणी ढिली पडली आणि 1976 मध्ये आकडा पुन्हा 64 लाखांवर गेला. फवारणी हवीच, पण एकट्या फवारणीवर भागत नाही.

डासाच्या पोटातल्या कच्च्या कडीवर घाव घालणारं एक औषध मात्र आपल्या हातात आहे. ते डासाला द्यायचं नसतं, रुग्णाला द्यायचं असतं. त्याचं नाव प्रायमाक्विन. रक्तातल्या परजीवीच्या ज्या अवस्थेमुळे डासाला लागण होते, ती अवस्था हे औषध मारतं. मग तुम्हाला चावलेल्या डासाच्या पोटात पुढे जाणारा परजीवीच नसतो. आणि व्हायव्हॅक्स मलेरियात हेच औषध तुमच्या यकृतात दडून बसलेला परजीवीही संपवतं.

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. व्हायव्हॅक्समध्ये प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायचं असतं. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, माणूस शेतात जायला लागतो आणि गोळ्या कपाटावर राहतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा थंडी वाजते, आणि घरचे म्हणतात, "पुन्हा डास चावला." बऱ्याचदा तसं नसतं. यकृतातला जुनाच परजीवी उठून आलेला असतो, आणि मधल्या काळात शेजारच्या घरातल्या लेकरांपर्यंत तो पोचलेला असू शकतो.

म्हणून एवढं करा:

• थंडी वाजून ताप आला की पहिल्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताचा नमुना मोफत घेतात. उशीर झाला की परजीवीला डासापर्यंत पोचायला वेळ मिळतो.

• मलेरिया निघाला तर कोणता प्रकार आहे ते विचारा. फॅल्सिपॅरम आणि व्हायव्हॅक्सचे औषधोपचार वेगळे असतात.

• ताप गेला तरी ठरवून दिलेल्या सगळ्या गोळ्या संपवा. चौदाव्या दिवसाची गोळी पहिल्या दिवसाच्या गोळीइतकीच महत्त्वाची आहे.

• प्रायमाक्विन मनाने घेऊ नका. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि तान्हं बाळ असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही लोकांत जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांना या औषधाने रक्तक्षय होऊ शकतो. गोळ्या सुरू असताना लघवी गडद, चहासारखी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर औषध थांबवून लगेच दवाखान्यात या.

• घरात मलेरियाचा रुग्ण असेल तर त्याला मच्छरदाणीत झोपवा. बाकीच्यांना वाचवायचं असेल तर रुग्णाला डास चावू न देणं तितकंच गरजेचं आहे.

• 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' टॉनिक मलेरिया रोखतं, यावर विश्वास ठेवू नका. या परजीवीने कोट्यवधी वर्षं गिळणाऱ्या पेशींना चकवलं आहे. एका बाटलीने तो हटणार नाही.

डास आपली लढाई त्याच्या परीने लढतो, आपल्यावर उपकार म्हणून नाही, स्वतःचा जीव वाचवायला. त्याच्या पोटात परजीवी पोचूच नये, हे काम आपलं. ते तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावर अवलंबून आहे. घरात कोणाचं पाकीट अर्धं राहिलं असेल तर ते घेऊन दवाखान्यात या, पुढे काय करायचं ते मिळून ठरवू.